पानाच्या कोपऱ्यातलं हरीण

बिदरच्या नौबादला आमच्या शेजारची पाचवीतली मुलगी गणिताच्या वहीच्या कोपऱ्यात, पानामागून पान, हरीण काढत होती. अंगठ्याखालून पानं सोडली की हरीण उडी मारायचं. शेवटच्या पानांशी त्याचा मागचा पाय जरा अडखळायचा. या अंकाचा विषय, हाताने काढलेले कार्टूनपट, तिथेच ठरला.

मुंबईत केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ साली सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, राम मोहन यांच्यासारखे तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले. जातककथेवरचा ‘द बनियन डियर’ १९५७चा, त्यातही हरीणच. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे दहा मिनिटांना १४,४००. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सात हजारांवर चित्रं काढायची उरतात. प्रत्येक आकृती पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवायची, रेघ पुढून, रंग मागून; मग पार्श्वचित्रावर ठेवून कॅमेऱ्याखाली एकेक टिपायची. एवढ्या कष्टाचं काम आपण थिएटरातलं ‘मेन पिक्चरच्या आधीचं काहीतरी’ म्हणून विसरून गेलो, हे मनाला फार लागतं. फिल्म्स डिव्हिजनच्या या विभागाच्याही आधी, १९३४ साली, प्रभातने ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढला होता!

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. बिदर-कलबुर्गी भागातल्या थिएटरांत ज्यांनी मशीन चालवलं, रिळं लावली, त्यांना हे कार्टूनपट आठवत असतील तर जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.