कॅमेरा आपल्या वस्तीकडे कोण वळवणार?

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला आणि देशभरातले कॅमेरे इथे धावले. गावातल्या आपल्या वस्तीचा नळ कोरडा पडला तर एकही कॅमेरा फिरकत नाही.

म्हणून पत्रकारितेत निघालेल्या मित्र-मैत्रिणींनो, नुसत्या पदवीवर विसंबू नका. कॉलेजात असतानाच आठवड्याला वस्तीची एक बातमी लिहा. ग्रामसभेत बसा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दोन्ही बाजू विचारा, कागद जपा. नोकरी मागताना हेच काम पुढे ठेवा.

१९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. बाबासाहेब थांबले नाहीत. १९२७ला ‘बहिष्कृत भारत’ही काढले. कुणीतरी जागा देईल, याची वाट आपणही पाहायची नाही.

जय भीम!