बेडकाला तात्पर्य लावू नका

मराठी घरातल्या मुलाला पहिले प्राणी भेटतात ते चिऊ-काऊच्या गोष्टीत. काऊचं शेणाचं घर वाहून जातं, चिऊचं मेणाचं टिकतं. मग इसापनीती येते, पंचतंत्र येतं, आणि कोल्हा, सिंह, ससा, कासव ओळीने हजेरी लावतात. प्रत्येक जण काहीतरी शिकवूनच जातो. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात इसापनीती मराठीत आणली. गोष्टीखाली ‘तात्पर्य’ छापायची आपली सवय तेवढी जुनी आहे. या गोष्टी मला प्रिय आहेत, त्या मुलांना सांगितल्याच पाहिजेत. पण शाळेत जाऊ लागेपर्यंत मुलाला एकदा तरी असा प्राणी भेटायला हवा, जो काहीही शिकवत नाही; तो आहे म्हणून आहे. असा प्राणी हायकूत, म्हणजे तीन ओळींच्या जपानी कवितेत, भेटतो. आणि लहान मुलापर्यंत हायकू पोचवायची सगळ्यात चांगली वाट म्हणजे चित्रपुस्तक.

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. शनिवारी संध्याकाळी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या खोलीत मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवते. पुस्तकं जपानी किंवा इंग्रजी असतात, वाचताना मी ती मराठीत करत जाते. बालवाडीपासून चौथीपर्यंतची मुलं असतात. शिवाय मागे खुर्च्यांवर आई, बाबा, आजी, आजोबा.

सुरुवात बहुतेक वेळा इस्साने होते. कोबायाशी इस्सा १७६३ साली जन्मला. आजच्या नागानो प्रांतातलं काशिवाबारा हे त्याचं गाव. आई तो अगदी लहान असतानाच गेली. सावत्र आईशी पटेना, म्हणून वडिलांनी त्याला कोवळ्या वयात एदोला, म्हणजे आताच्या तोक्योला पाठवून दिलं. पुढे वारसाहक्काचा वाद वर्षानुवर्षं चालला. उतारवयात लग्न केलं, तर मुलं एकामागून एक दगावली. शेवटी गावातल्या आगीत घर गेलं आणि तो शेजारच्या कोठारात राहायला गेला. तिथेच त्याने शेवटचा श्वास घेतला. ते कोठार आजही जपून ठेवलं आहे. मी ते पाहिलं आहे: मातीच्या जाड भिंती, वर गवताचं छप्पर, आत उजेड बेताचा. इतकं सोसलेल्या या माणसाने वीस हजारांच्या आसपास हायकू लिहिले, आणि त्यांत बेडूक, गोगलगाय, माशी, पिसू, चिमणी, कोळी यांना जी जागा दिली ती क्वचितच कुणी कवीने दिली असेल. तो त्यांच्याशी शेजाऱ्यासारखा बोलतो. उपदेश करत नाही, कीवही करत नाही.

मॅथ्यू गोलब यांनी लिहिलेलं आणि काझुको स्टोन यांनी चितारलेलं इस्सावरचं एक इंग्रजी चित्रपुस्तक १९९८ साली निघालं. त्यात त्याची जीवनकथा आणि त्याचे हायकू हातात हात घालून जातात, आणि पानाच्या कडेला मूळ जपानी ओळी सुलेखनात उभ्या उतरतात. मुलांना ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण बोटाने गिरवायला फार आवडतात.

वाचण्याची माझी एक पद्धत ठरून गेली आहे. ओळी हाताने झाकायच्या आणि आधी नुसतं चित्र दाखवायचं. मुलांना जे बोलायचं ते बोलू द्यायचं. मग हात काढायचा, ओळी हळू वाचायच्या, पुन्हा एकदा वाचायच्या आणि पान उलटायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. एकदा गोगलगायीचं पान उघडलं होतं. पहिलीतली एक मुलगी बराच वेळ पानाला नाक लावून बसली आणि म्हणाली, “मावशी, ती कुठे निघालीये ते तिला माहितीये का?” मी उत्तर द्यायच्या आत मागून तिच्या आईचा आवाज आला, “बघ गं, हळू जाते पण थांबते का? तसाच अभ्यास करायचा.” मुलीने मान वर केली. त्यानंतर ती पुस्तकाकडे बघायची थांबली आणि आईकडे बघत राहिली.

त्या आईचं मन मला कळतं. आपण सगळे असेच वाढलो. कविता वाचून झाली की खाली प्रश्न: या कवितेतून कोणता बोध मिळतो? उत्तर लिहिलं की कविता संपली. पण त्या मुलीने विचारलेला प्रश्न बोधाच्या फार पुढचा होता. दुसऱ्या जीवाच्या डोक्यात काय चाललं असेल, याचं कुतूहल तिला वाटलं होतं. कविता वाचायला लागते ती दृष्टी हीच, आणि पुढे माणसांशी नीट वागायलाही हीच लागते.

मुलांना असे काहीही न शिकवणारे प्राणी कवितेतून भेटवण्याचं काम जपानमध्ये अतिशय गंभीरपणे झालेलं आहे. मिचिओ मादो हे तिथले बालकवी, १९०९ साली जन्मले आणि २०१४ साली गेले. त्यांची हत्तीवरची छोटीशी कविता गाणं होऊन जपानच्या घराघरांत पोचली. पिल्लाला कुणीतरी त्याच्या लांब नाकावरून हटकतं आणि पिल्लू आईच्या सोंडेचा हवाला अभिमानाने देतं, एवढाच तिचा विषय. ती कविता तिथल्या मुलांच्या ओठांवर आली तो काळही लक्षात घ्यावा. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती सरकारी हुकुमाने उपाशी ठेवून मारण्यात आले होते. युद्धानंतर तिथल्या मुलांनी हत्ती मागितला, आणि १९४९ साली पंडित नेहरूंनी म्हैसूरकडची ‘इंदिरा’ नावाची हत्तीण त्यांना पाठवली. मादोंचा हत्ती गाण्यातून घरोघर गेला तो यानंतर थोड्याच वर्षांत.

मादोंच्या प्राण्यांवरच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर खुद्द तेव्हाच्या सम्राज्ञी मिचिको यांनी केलं. ते पुस्तक १९९२ साली निघालं. त्यात जपानी आणि इंग्रजी मजकूर समोरासमोर छापलेला आहे आणि चित्रं मित्सुमासा आन्नो यांची आहेत. दोनच वर्षांनी मादोंना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. याच मिचिको १९९८ साली दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय बालसाहित्य परिषदेत चित्रफितीवरून बोलल्या. नान्किची नीइमी यांची एक गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकली होती, ती त्यांनी तिथे सांगितली. एका गोगलगायीच्या ध्यानात येतं की आपल्या शंखात दुःखच दुःख भरलं आहे, आणि मित्रांकडे जावं तर प्रत्येकाच्या शंखात तेच आहे. लहानपणी ऐकलेली गोगलगाय साठीपर्यंत सोबत राहिली. लहान मुलांना काय वाचून दाखवायचं हा प्रश्न मला इतका मोठा वाटतो तो म्हणूनच.

थोड्या मोठ्या मुलांसाठी मी जॅक प्रिलट्स्की यांचं, टेड रँड यांच्या चित्रांचं २००४ सालचं पुस्तक काढते. त्यात सतरा प्राणी आहेत, प्रत्येकावर एक हायकू, आणि प्राण्याचं नाव त्या ओळींत कुठेच नाही. ओळखायचं मुलांनी, उत्तरं पुस्तकाच्या शेवटी. आपल्याकडे आजी तिन्हीसांजेला कोडी घालायच्या, त्यांचाच हा सख्खा भाऊ. मुलांना हे पटकन भावतं. मग ती स्वतः तयार करू लागतात.

अशीच एकदा तिसरीतल्या मुलीने तीन ओळी लिहून आणल्या:

नळ गळतो
चोच वर करून
कावळा तयार

खोलीत बसलेल्या एका आजोबांनी बोटांवर अक्षरं मोजली. हायकूत पाच, सात, पाच अशी सतरा लागतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “बाळा, शेवटच्या ओळीत एक अक्षर जास्त झालं बघ,” ते प्रेमाने म्हणाले, “‘कावळा उभा’ कर, बरोब्बर बसेल.” मुलीने थोडा विचार केला आणि मान हलवली. “नाही आजोबा. तो नुसता उभा नव्हता. तयार होता.”

तिचं ऐकलं पाहिजे. अक्षर मोजण्याचा आग्रह मुलांच्या बाबतीत मला मुळीच मान्य नाही. जपानीत मोजतात ती आपली अक्षरं नव्हेतच. तोक्यो आपण दोन अक्षरांत लिहितो, जपानी कानाला तिथे चार मात्रा ऐकू येतात. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, आणि त्यांनीही तीन ओळींचा घाट आणि क्षणाची पकड जपली, सतराचा हिशोब उराशी धरून त्या बसल्या नाहीत. मुलांच्या हाती हायकू देताना आपण हिशोब आधी देतो आणि बघणं नंतर. शाळेच्या कार्यशाळेत फळ्यावर ५-७-५ लिहिलं जातं, मुलं शब्द कापत आणि जोडत बसतात आणि खिडकीबाहेर कावळा असतो तो तसाच उडून जातो.

“मुलांना यमक हवं, ठेका हवा” असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. हवंच. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ १९६१ सालची आहे आणि आजही मोठ्याने वाचली की मुलं ठेका धरतात. त्या बागेतल्या प्राण्यांनाही तात्पर्य नाही, हेही बघा. विंदांनी भायखळ्याच्या बागेतल्या प्राण्यांना मनमुराद खोड्या करू दिल्या. हायकू त्या कवितांची जागा घेण्यासाठी नाही. ठेक्याची कविता मुलाला नाचवते, हायकू त्याला घटकाभर जागच्या जागी थांबवतो. दोन्ही लागतात. यातलं दुसरं आपल्या मुलांना फार कमी मिळतं, आणि हातात फोन आल्यापासून तर त्याची गरज फारच वाढली आहे.

आता एक गोष्ट मला विशेष आग्रहाने मांडायची आहे. जपानी हायकूत ऋतू सांगणारा शब्द असतो, आणि तो पुष्कळदा प्राणी असतो. बेडूक म्हणजे वसंत, काजवा म्हणजे उन्हाळा, चतुर म्हणजे शरद. या शब्दांचे तिथे कोश आहेत, कवी ते उशाशी ठेवतात. आपल्याकडे असं काही नाही म्हणून हळहळायची गरज नाही, कारण तसं आपल्याकडेही आहे! भिंतीवरचं पंचांग काढून बघा. मृगापासून पुढे पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, गाढव, उंदीर, कोल्हा, मेंढा, घोडा. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की पाऊस चांगला, कोल्हा किंवा मेंढा आला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी. पावसाचं भाकीत म्हणून त्यावर कुणी किती विश्वास ठेवावा तो वेगळा विषय. पण पावसाला प्राण्यावर बसवून आणणारी ही कल्पना किती देखणी आहे! याशिवाय मृगाच्या तोंडावर निघणारा लाल मखमली किडा आहे, पेरणीच्या दिवसांत गळा काढणारा पावशा आहे, वळवाच्या सरींनंतर झाडं पेटवणारे भंडारदऱ्याचे काजवे आहेत, थंडीत अंगणात शेपटी हलवत येणारा धोबी पक्षी आहे. मराठी मुलांसाठी हायकूचं चित्रपुस्तक करायचं तर चेरीच्या बहरापासून सुरुवात करायची गरज नाही. सगळा ऐवज घरात आहे.

असं पुस्तक मात्र मला दुकानात मागून मिळत नाही. मराठीत चित्रपुस्तकांची परंपरा नाही असं कोण म्हणेल? माधुरी पुरंदरे यांनी शब्द आणि चित्र दोन्ही एकाच हाताने किती उंचीवर नेलं ते आपण पाहिलं आहे, आणि ज्योत्स्ना प्रकाशनाने अशी पुस्तकं निष्ठेने काढली आहेत. पण कवितेचं पुस्तक म्हटलं की अजूनही बहुधा एका पानात दोन कविता आणि कोपऱ्यात एक छोटं चित्र अशी मांडणी दिसते. कागद वाचतो, कविता गुदमरते. हायकूला अख्खं पान लागतं, शक्य तर समोरासमोरची दोन. बुसोन हा अठराव्या शतकातला कवी मोठा चित्रकारही होता. तो हायकू आणि चित्र एकाच कागदावर उतरवायचा, आणि त्या कागदावर सगळ्यात मोठी जागा कोऱ्या भागाला असायची. एड यंग यांनी चितारलेलं क्योतोच्या मांजराचं एक इंग्रजी पुस्तक २००८ साली आलं, ते तर गुंडाळीसारखं वरून खाली उलगडत जातं. ही मोकळीक चैनीची नाही. तीन ओळींत जे सांगितलेलं नसतं ते मूल त्या मोकळ्या जागेत स्वतः भरतं.

म्हणून मराठी प्रकाशकांना माझी विनंती आहे. पंचांगातल्या वाहनांचं एक हायकू-चित्रपुस्तक काढा. नऊ प्राणी, नऊ हायकू, प्रत्येकाला दोन पूर्ण पानं. हायकू आजच्या कवींकडून नव्याने लिहून घ्या. चित्रकाराला कवीइतकंच मानधन द्या आणि मुखपृष्ठावर दोघांची नावं सारख्याच अक्षरांत छापा. शेवटी शब्दार्थ देऊ नका, स्वाध्याय देऊ नका. ग्रंथालयांनी आणि शाळांनी खरेदीच्या यादीत अशा पुस्तकाला जागा ठेवावी, कारण रंगीत छपाईचा खर्च दोन-चार हौशी पालकांच्या खरेदीतून निघत नाही. पहिल्या प्रती घ्यायला मी आणि शनिवारी येणाऱ्या मुलांचे पालक तयार आहोत. पैसे आगाऊ भरायचीही आमची तयारी आहे.