दहावीनंतरची वाट : त्याच प्रांगणात राहावे की नवे महाविद्यालय गाठावे?

दहावीचा निकाल लागला की वसईच्या घराघरांत पेढे वाटले जातात. मात्र पेढ्यांचा गोडवा जिभेवर असतानाच पुढचा प्रश्न दार ठोठावतो : आता प्रवेश कुठे घ्यायचा? ज्या शाळेत बालवर्गापासून शिकलो, तिच्याच कनिष्ठ महाविद्यालयात राहायचे, की रेल्वेने मुंबईतील एखाद्या नामांकित महाविद्यालयाची वाट धरायची? वरकरणी हा प्रश्न एका अर्जापुरता दिसतो. परंतु त्यावर मुलाची पुढील दोन वर्षे, घरातील पैसा आणि पुष्कळदा घरातील शांतताही अवलंबून असते. म्हणूनच या विषयाचा थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न महाराष्ट्रात इतका तीव्र का, याचे कारण आपल्या शिक्षणरचनेत आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचविला आणि अकरावी-बारावी हा शालेय शिक्षणाचाच भाग मानला. आपल्या राज्यात मात्र ही दोन वर्षे ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नावाने वाढली आणि त्यांतील अनेक वर्ग वरिष्ठ महाविद्यालयांना जोडले गेले. परिणामी, इतर राज्यांतील पुष्कळ मुले बारावीपर्यंत एकाच शाळेत शिकत असताना आपल्या बहुसंख्य मुलांच्या हाती दहावीलाच शाळा सोडल्याचा दाखला पडतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानला आहे. ही कल्पना पूर्णत्वास जाईल तेव्हा जाईल. आजच्या पालकाला मात्र आजचाच निर्णय घ्यावयाचा आहे.

२०२५ साली या निर्णयाला नवे वळण मिळाले. तोवर अकरावीचे केंद्रीय ऑनलाईन प्रवेश मुंबई महानगर परिसर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर व अमरावती येथेच होत असत. त्या वर्षी ते प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाले. विद्यार्थ्याने किमान एक व कमाल दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावयाचा आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावयाचाच. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांत संधी नाही, असा नियम होता. म्हणजे पहिल्या क्रमांकावर लिहिलेले नाव ही केवळ इच्छा राहिली नाही, तो जवळजवळ अंतिम निर्णयच ठरला. तरीही किती घरांत हे नाव सायबर कॅफेत बसून, शेजाऱ्याच्या सल्ल्याने, पाच मिनिटांत लिहिले गेले असेल!

त्याच वर्षी १३ मे रोजी निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. अकरावीचे वर्ग मात्र ऑगस्टमध्ये सुरू झाले. जवळजवळ तीन महिने मुले यादीची वाट पाहत होती. खाजगी शिकवण्या मात्र केव्हाच सुरू झाल्या होत्या. महाविद्यालय नंतर ठरले, शिकवणी आधी ठरली. अकरावीच्या निवडीतील खरी गुंतागुंत आम्हांला येथेच दिसते.

आता ‘कट-ऑफ’ या शब्दाकडे वळू. पालकांच्या बोलण्यात तो महाविद्यालयाच्या दर्जाचे माप म्हणून येतो. वस्तुतः कट-ऑफ म्हणजे त्या यादीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. तेथे किती मुलांनी अर्ज केले आणि जागा किती होत्या, एवढेच तो सांगतो. शिक्षक वर्गावर येतात का, प्रयोगशाळेत मुलांच्या हाती उपकरणे पडतात का, हे त्यातून कळत नाही. ९३ टक्क्यांच्या मुलांना घेऊन ८५ टक्क्यांवर बाहेर सोडणारे महाविद्यालयही नामांकित म्हणविले जाते आणि ६५ टक्क्यांच्या मुलांना ७५ टक्क्यांपर्यंत नेणाऱ्या गावातील संस्थेचे नाव कोणी घेत नाही. मूल आत येताना कसे होते आणि बाहेर पडताना कसे झाले, हा फरक पालकांनी पाहिला पाहिजे.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटरांचे. वसईहून अंधेरी किंवा विलेपार्ल्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचे घर ते वर्ग असे जाऊन-येऊन रोज तीन तास सहज खर्ची पडतात. वर्षातील दोनशे दिवस धरले तरी हे सहाशे तास होतात. त्यातही सकाळच्या गर्दीत दारात लटकून केलेला प्रवास म्हणजे अभ्यासाचा वेळ नव्हे. या सहाशे तासांच्या बदल्यात जवळच्या महाविद्यालयात न मिळणारे असे काय मिळणार आहे, हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी घरात मोठ्याने विचारला गेला पाहिजे. उत्तर ठोस असेल तर मुलाला अवश्य पाठवावे. उत्तर ‘नाव मोठे आहे’ एवढेच असेल तर पुन्हा विचार करावा.

याचा अर्थ शाळा बदलूच नये, असे आम्ही म्हणत नाही. काही कारणे निःसंशय सबळ असतात. मुलाला हवी असलेली शाखा वा विषय जवळ नसणे, मंजूर तुकडी असूनही गणिताला वा भौतिकशास्त्राला शिक्षक नसणे, शाळेत मुलाची सतत होणारी कुचंबणा किंवा छळ, कुटुंबाचे स्थलांतर ही त्यांपैकी काही. दहा वर्षे एकाच ठिकाणी ‘मागच्या बाकावरचा’ म्हणून ओळखले गेलेले मूल नव्या ठिकाणी नव्याने उभे राहते, हेही आम्ही पाहिले आहे. उलट, घरात आजारपण किंवा आर्थिक ओढाताण असलेल्या मुलाला ओळखीचे शिक्षक आणि जुने मित्र हाच आधार असतो. तो काढून घेण्यापूर्वी दहादा विचार करावा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. विज्ञान शाखेचे अध्यापन बहुतांश ठिकाणी इंग्रजीतूनच होते. या मुलासाठी शाळा, मित्र, भाषा आणि प्रवास या चारही गोष्टी एकाच महिन्यात बदलतात. आमच्या परिचयाच्या एका मुलीला दहावीला ८८ टक्के गुण होते. मुंबईतील महाविद्यालयात पहिल्या सत्रात ती दोन विषयांत नापास झाली आणि घरी कोणाला सांगेना. तिची बुद्धी कमी पडली नव्हती. वर्गात प्रश्न विचारण्याइतकी इंग्रजी तिच्या ओठांवर यायची होती, इतकेच. तिची आई एके दिवशी शांतपणे म्हणाली, “बाय, गुण राहू दे, तू आधी जेव.” त्या दिवसापासून ती मुलगी सावरू लागली. पुढच्या वर्षी ती घराजवळच्या महाविद्यालयात आली आणि बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. सर्व बदल एकदम न करता एकेक करावेत, हा या घटनेतील बोध आम्हांला मोलाचा वाटतो.

शिकवणी वर्ग व महाविद्यालय यांच्या ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. प्रवेश एका महाविद्यालयात, शिक्षण मात्र शिकवणीच्या वर्गात, अशी ही व्यवस्था. तिला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने जून २०१८ मध्ये काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, नोव्हेंबर २०२४ मध्ये केवळ नावापुरते विद्यार्थी दाखविणाऱ्या दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. अशा ठिकाणी नाव घालणाऱ्या मुलाची दोन वर्षे संस्थेच्या चुकीपायी धोक्यात येऊ शकतात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि मधेच वर्ग सोडणाऱ्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी ही तत्त्वे दाखवून लेखी उत्तर मागावे.

बारावीच्या गुणांना आता किंमत नाही, हे वाक्यही आपण वारंवार ऐकतो. ते अर्धसत्य आहे. राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेश सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात, हे खरे; परंतु खुल्या प्रवर्गासाठी बारावीत संबंधित विषयांत किमान ४५ टक्के लागतात. वैद्यकीय शिक्षणासाठी ही अट ५० टक्क्यांची आहे. आयआयटीसाठी बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये स्थान आवश्यक असते. आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातील संस्थेतून उत्तीर्ण होणे आवश्यक असते. काही अपवाद आहेत. शिकवणीसाठी मुलाला परराज्यात पाठवून तेथेच बारावी करविणाऱ्या पालकांनी त्या वर्षाची माहितीपुस्तिका आधी वाचावी. लाखो रुपये खर्चून आपल्याच राज्यातील हक्काची जागा गमावण्याची वेळ येऊ नये.

मंडळ बदलण्याचा विचार करणाऱ्यांनीही वेळेचे भान ठेवावे. सीबीएसईमध्ये नववी व अकरावीत नोंदणी होते आणि दहावी वा बारावीत थेट प्रवेश अपवादानेच मिळतो. म्हणजे बदल करावयाचाच असेल तर तो अकरावीच्या उंबरठ्यावर करावा. अकरावी एका ठिकाणी आणि बारावी दुसऱ्या ठिकाणी, हा सर्वांत महागडा बदल होय.

आपल्या समाजापुढे आणखी दोन पर्याय असतात. शाळेला जोडलेल्या महाविद्यालयात दहा टक्के जागा त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठी, तर अल्पसंख्याक संस्थांत पन्नास टक्के जागा त्या समाजासाठी असतात. या तरतुदींमुळे कमी गुणांवरही प्रवेश मिळू शकतो. ही सोय आहे, तिचा लाभ घेण्यात गैर काही नाही. परंतु वर्गातील इतर मुले ९० टक्क्यांची आणि आपले मूल ७० टक्क्यांचे असेल, तर तेथे त्याला हात देणारे कोणी आहे का, हे पाहणे पालकांचे कर्तव्य ठरते.

येथे आपल्या संस्थांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. मुले गाव सोडून का जातात, याचे उत्तर प्रत्येक वेळी पालकांच्या हव्यासात शोधू नये. विनाअनुदानित तुकड्यांवर तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक वर्षाच्या मध्यास निघून जातात, प्रयोगशाळेचे कुलूप परीक्षेपुरतेच उघडते, ग्रंथालय चार वाजता बंद होते. विज्ञानाच्या विषयांत शंभरपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असताना हे चालणार नाही. मुलांनी येथेच राहावे असे वाटत असेल तर राहण्याजोगे काही त्यांना दिले पाहिजे. तद्वतच, निकालानंतर सत्कार समारंभ करणाऱ्या आपल्या धर्मग्रामांनी एप्रिलमध्येच, निकालापूर्वी, पालक व मुले यांची एकत्र मार्गदर्शन सभा घ्यावी. अकरावी-बारावीत शिकत असलेली पाच-सहा मुले तेथे बोलती झाली तर त्यांचा अनुभव कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शेवटी निर्णय कसा घ्यावा? अर्ज भरण्यापूर्वी मुलाला घेऊन एकदा त्या महाविद्यालयात जावे. ज्या गाडीने रोज जावे लागेल त्याच गाडीने जावे. तेथील दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे, कालच्या दिवशी किती तास झाले? शुल्क, पास, शिकवणी आणि डबा यांचा दोन वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा. मग मुलाला विचारावे आणि त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नये. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सर्वच कळते असे नाही. परंतु आपल्याला कशाची भीती वाटते, हे त्याला नक्की कळते.

शाळा बदलली म्हणून कोणाचे आयुष्य घडत नाही आणि न बदलल्याने बिघडतही नाही. मात्र स्वतःच्या निर्णयात आपले मत विचारले गेले होते, ही जाणीव मुलाला पुढच्या कठीण दिवसांत तारून नेते. यंदाच्या पसंतीक्रमात पहिले नाव लिहिताना तेवढे आपण नक्कीच करू शकतो.