रस्त्यावर येण्याआधी

नगरजवळच्या शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे 'माउली' ही संस्था चालवतात. रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण बायांना ते आणतात, न्हाऊ घालतात, औषधपाणी करतात. अत्याचारातून जन्मलेली त्यांची लेकरंही तिथेच वाढतात. काम थोरच. पण या बाया रस्त्यावर येतातच का? 'बाहेरचं झालंय' म्हणत घरची माणसं वर्षं घालवतात, आणि डॉक्टर गाठलाच तर जरा बरं वाटताच गोळ्या बंद करतात. आवरत नाही म्हणून रुग्णाला साखळीने बांधायला तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. घरात कुणी कोसळत असेल, तर टेली-मानस या सरकारी मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोला, आजच बोला.