संमतीपत्र की मुक्तिपत्र?

दिवाळीची सुट्टी सरली की महाराष्ट्रातील शाळांना सहलींचे वेध लागतात. रायगड, अजिंठा, कोकणचा किनारा अशी ठिकाणे ठरतात, वर्गणी जमा होते आणि मुलांच्या दप्तरातून एक कागद घरोघरी जातो. मजकूर ठराविक असतो. पाल्यास स्वखुशीने पाठवीत असून प्रवासात वा मुक्कामात काही बरेवाईट झाल्यास शाळा अथवा शिक्षक त्यास जबाबदार राहणार नाहीत, असे एक वाक्य आणि त्याखाली पालकाची सही किंवा अंगठा. गिर्यारोहण मंडळे, उन्हाळी शिबिरे भरविणाऱ्या संस्था आणि क्रीडामंडळेही असाच कागद वापरतात. त्यास संमतीपत्र म्हणण्याची रूढी आहे. वस्तुतः ते संयोजकांनी स्वतःस दिलेले मुक्तिपत्र होय.

संमती माहितीवर उभी राहते. गाडी कोण चालविणार, किती मुलांमागे किती मोठी माणसे असणार, मुले पाण्यात उतरणार काय, उतरणार असल्यास पट्टीचे पोहणारे कोणी सोबत आहे काय, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे कळल्यावाचून दिलेल्या संमतीस अर्थ नाही. नेमके याच बाबतीत हा कागद मौन पाळतो. पालकाला काही सांगावयाचे नाही, मात्र त्याच्याकडून सर्व काही लिहून घ्यावयाचे, असा हा एकतर्फी व्यवहार आहे.

कायद्याच्या कसोटीवर हा व्यवहार फारसा टिकणारा नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार अज्ञान मुलाच्या मालकीची अर्धा एकर जमीनही पित्याला न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. वैयक्तिक कराराने मुलास बांधून टाकण्याचा अधिकारही त्याला नाही. मुलाच्या वतीने चाललेल्या दाव्यात न्यायालयाच्या अनुमतीशिवाय तडजोड करता येत नाही, हा दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम तर सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे. जमिनीच्या तुकड्याविषयी जो कायदा इतका दक्ष आहे, तो मुलाच्या हातापायांवरील हक्क एका सहीने सोडून देऊ देईल, हे संभवत नाही. सार्वजनिक धोरणास बाधक करार १८७२ च्या करार अधिनियमानेच निरर्थक ठरविले आहेत. सौदाशक्ती असमान असलेल्या पक्षांतील अन्याय्य अटीही त्याच तत्त्वाने रद्द होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली म्हटले. हयगयीने मृत्यू घडविणे हा तर फौजदारी गुन्हा आहे. त्याची माफी कोणत्याही पालकाच्या खिशात नसते.

न्यायालयांचे निर्णयही याच दिशेचे आहेत. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीच्या काठी गेली होती. तीत १४ मुले बुडाली. शिक्षकांच्या हयगयीची जबाबदारी शाळेवर येते, असे सांगून प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. त्याच बियासमध्ये ८ जून २०१४ रोजी धरणाचे पाणी सोडल्यामुळे हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले, तेव्हा हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य शासन या तिघांवर भरपाईचा भार टाकला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात क्षमतेहून अधिक माणसे बसविलेली नाव उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका दगावल्या. पाण्याची ओढ, नावेची क्षमता, जीवरक्षक जाकिटांची संख्या या साऱ्या आधी पाहता येण्याजोग्या गोष्टी आहेत. त्या पाहण्याचे काम कोणताही कागद करीत नाही.

मग कायद्यात ज्याचे बळ इतके तोकडे, त्या कागदाचा एवढा आग्रह कशासाठी? कारण त्याचे खरे कार्य न्यायालयाबाहेर चालते. वकिलाच्या वा अधिकाऱ्याच्या घरी गेलेला कागद हा केवळ कागद असतो. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईने उठविलेला अंगठा मात्र तिला आयुष्यभर बांधून ठेवतो. आपणच लिहून दिले, आता कोणत्या तोंडाने विचारावयाचे, असे तिला वाटते, आणि तिला तसे वाटावे हाच या वाक्याचा उपयोग असतो. ज्याला कायदा ठाऊक नाही त्याचाच हक्क त्यामुळे बुडतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी लेखून चालणार नाही. तुटपुंज्या साधनांनी, विनामोबदला मुलांना डोंगरदऱ्या दाखविणारे कार्यकर्ते आणि रविवार खर्ची घालून सहल नेणारे शिक्षक लोभी व्यापारी नव्हेत. एका अपघाताने त्यांची संस्था व संसार दोन्ही धुळीस मिळू शकतात. हा युक्तिवाद अमेरिकेतही झाला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली पालकाच्या सहीने मुलाचा हक्क जात नाही असे ठरविले. ओहायोच्या न्यायालयाने १९९८ साली स्वयंसेवकांच्या क्रीडासंस्थेपुरती तशी सही ग्राह्य मानली. परंतु स्वयंसेवकाचे भय खरे असले तरी त्याचा बोजा जायबंदी मुलाने का वाहावा? कायदा संयोजकाकडून चमत्काराची अपेक्षा करीत नाही. शहाण्या माणसाने घ्यावी एवढी काळजी तो मागतो. ती घेऊनही अपघात घडला, तर नुकसान वाटून घेण्यासाठी सामुदायिक विम्यासारखा मार्ग आहे.

सहलीच बंद कराव्यात हा उपाय तर रोगापेक्षा भयंकर आहे. सधनांची मुले सुट्टीत आईवडिलांबरोबर समुद्र पाहतील, पैसे मोजून साहसशिबिरांनाही जातील. जिल्हा परिषदेच्या शाळेतील कित्येक मुलांना मात्र समुद्राचे पहिले दर्शन शाळेच्या सहलीतच घडते. ते दार भीतीपोटी बंद झाले तर शिक्षणातील विषमतेत आणखी एका विषमतेची भर पडेल.

म्हणून हा कागद मुळापासून बदलला पाहिजे. त्याच्या पहिल्या भागात संयोजकांची हमी असावी: वाहन, सोबतची माणसे, पाण्याविषयीचे नियम, प्रथमोपचार, संपर्काची व्यवस्था. दुसऱ्या भागात पालकाने मुलाचे आजार, औषधे आणि पोहता येते की नाही ते लिहावे. जबाबदारी झटकणारे वाक्य शासनाने सर्व शाळांच्या नमुन्यांतून काढून टाकावे आणि शासकीय व अनुदानित शाळांच्या सहलींच्या विम्याचा हप्ता स्वतः भरावा. अपघातग्रस्त विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात सानुग्रह अनुदानाची योजना आहे. परंतु अनुग्रह म्हणजे कृपा, आणि मुलांची सुरक्षितता हा कृपेचा विषय नव्हे. ज्यांच्या हाती मूल सोपविले जाते त्यांनी प्रथम लिहून द्यावे. पालकाने सही करावयाची ती त्यानंतर.