"कुणी सांगितलं?"

संपादक महोदय,


हैदराबादेतल्या आमच्या मराठी मंडळीत मी बरीच वर्षं शब्बाथ शाळा घेतो. मागे एका भगिनीने एका मुलाविषयीची शंका पंचांच्या कानावर घातली. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर चहाच्या टेबलावर तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी. पोराला काय झालं, हे कोणी विचारेना. "कुणी सांगितलं?" एवढंच. खरं सांगतो, मीही तेच विचारलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. ते कुटुंब गाव सोडून गेलं, आणि त्या भगिनीने देवळात येणं सोडलं.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं, गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तर पोलिसांना कळवायलाच हवं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाची ओळख झाकायला कायद्यात कडक कलमं आहेत, पण कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहील असा शब्द कलम १९ देत नाही. तेवढं तरी मंडळीने करायला हवं.

गप्प बसणं काही साधी चूक नव्हे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला राजुरा तालुका आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तिथल्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला; २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि असं न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं म्हटलं.

नाव झाकलं की कोणीही चिखल उडवील, असं आमचे एक वडीलधारे म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही. पण बदनामीसाठी खोटी तक्रार करणाऱ्याला कलम २२ खाली शिक्षा आहे. नाव पोलिसांना कळू द्या, चहाच्या टेबलाला कशाला?

पोप फ्रान्सिस यांच्या मे २०१९ च्या आदेशात, कळवणाऱ्यावर सूड उगवायला आणि त्याच्यावर मौन लादायला मनाई आहे. आम्ही प्रॉटेस्टंटांनी एवढं तरी कॅथलिक बांधवांकडून उचलावं.

पंच कमिटीने कळवणाऱ्याचं नाव मिनिट्समध्ये लिहू नये, स्वतः चौकशी करत बसू नये, त्याच दिवशी पोलिसांना कळवावं. १०९८ हा नंबरही आहेच. त्या भगिनीच्या घरी मी या आठवड्यात जाणार आहे. पाळकसाहेबांनीही यावं.

माझं नाव कृपया छापू नये, त्यावरून तिचं नाव ओळखू येईल.

— एक शब्बाथ शाळा शिक्षक, हैदराबाद