उपकारकथेचे व्याकरण

छोट्या सेवाभावी संस्थेपाशी फारसे भांडवल नसते. एखादी भाड्याची खोली, दोन-चार पगारी माणसे, काही हितचिंतक आणि एक गोष्ट, एवढ्यावर ती उभी असते. यांपैकी गोष्ट हेच तिचे खरे भांडवल. दूरच्या देशातील शाळेसाठी पैसे देणारा माणूस ती शाळा पाहत नाही, तो तिच्याविषयी वाचतो. म्हणजे देणगीदार हा आधी वाचक असतो. असे असूनही साहित्याच्या अभ्यासकांनी या वाङ्मयाकडे जवळजवळ पाठच फिरवलेली आहे. कादंबरीतील निवेदकावर कितपत विश्वास ठेवावा, यावर आम्ही मंडळी तासन्‌तास खल करतो. पण ज्या निवेदनावर विसंबून शाळकरी मुले आपले खाऊचे पैसे देतात, ते निवेदन आमच्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. ते यावे, असे आमचे मत आहे. त्यासाठी एक गाजलेले उदाहरण आम्ही येथे घेत आहोत.

अमेरिकेतील गिर्यारोहक ग्रेग मॉर्टेनसन आणि शास्त्रज्ञ-उद्योजक जाँ होर्नी यांनी १९९६ मध्ये ‘सेंट्रल एशिया इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. पाकिस्तानच्या उत्तरेकडील बाल्टिस्तानात आणि पुढे अफगाणिस्तानात शाळा, विशेषतः मुलींसाठी शाळा उभारणे हे तिचे काम. संस्था बराच काळ छोटीच होती. २००६ मध्ये मॉर्टेनसन आणि पत्रकार डेव्हिड ऑलिव्हर रेलिन यांच्या नावाने ‘थ्री कप्स ऑफ टी’ हे पुस्तक आले. त्याच्या साध्या बांधणीच्या आवृत्तीने २००७ पासून खपाचे उच्चांक गाठले आणि संस्थेकडे कोट्यवधी डॉलर येऊ लागले. ‘पेनीज फॉर पीस’ या उपक्रमातून अमेरिकेतील शाळांमधली मुले नाणी जमवून पाठवू लागली. २००९ मध्ये पाकिस्तानने मॉर्टेनसन यांना ‘सितारा-ए-पाकिस्तान’ हा सन्मान दिला.

पुस्तकातील कथा थोडक्यात अशी. १९९३ मध्ये के-२ शिखराची चढाई अर्धवट सोडून परतणारा नायक वाट चुकतो आणि कोर्फे नावाच्या खेड्यात पोहोचतो. गावकरी त्याची शुश्रूषा करतात. तेथील मुले उघड्यावर बसून धुळीत अक्षरे गिरवताना तो पाहतो आणि शाळा बांधून देण्याचे वचन देतो. मायदेशी परतून तो नामवंतांना शेकडो पत्रे लिहितो. हाती जवळजवळ काहीच लागत नाही. मग एक धनवान साहाय्यक भेटतो, अडथळे पार पडतात आणि शाळा उभी राहते. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांच्या बांधणीतील ३१ कार्ये मांडली, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्यांनी ही कथा त्या मांडणीशेजारी ठेवून पाहावी. गृहत्याग, संकट, साहाय्यकाचे आगमन, कसोटी, विजय आणि सन्मान हे सारे टप्पे क्रमाने हजर आहेत. वाट चुकलेला राजपुत्र, त्याला आसरा देणारी झोपडी आणि त्याने दिलेले वचन, ही आपल्याही कहाण्यांची जुनी सामग्री आहे. पुस्तक लाखोंनी वाचले, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

एप्रिल २०११ मध्ये हा डोलारा हलला. अमेरिकेतील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने आणि लेखक जॉन क्राकौर यांनी ‘थ्री कप्स ऑफ डिसीट’ या पुस्तिकेत गंभीर आक्षेप घेतले. क्राकौर हे स्वतः या संस्थेला ७५ हजार डॉलरहून अधिक रक्कम देणारे देणगीदार होते, हे ध्यानात घ्यावे. मॉर्टेनसन १९९३ मध्ये कोर्फेला गेलेच नव्हते, ते वर्षभराने गेले, असे त्यांचे म्हणणे. वझिरिस्तानातील अपहरणाचा जो प्रसंग पुस्तकात आहे, त्यातील ‘अपहरणकर्त्यां’पैकी काहींनी आपण त्या वेळी यजमान होतो, असे सांगितले. कार्यक्रमाच्या चमूने संस्थेच्या यादीतील सुमारे ३० शाळांची चौकशी केली. काही उत्तम चालल्या होत्या. सुमारे निम्म्या मात्र रिकाम्या होत्या, इतरांनी बांधलेल्या होत्या किंवा त्यांना संस्थेची मदत पोहोचत नव्हती. मॉर्टेनसन यांनी कथेत काही ठिकाणी काळ आखडून घेतल्याचे मान्य केले, बाकी आरोप नाकारले. पुढे २०१२ मध्ये मोंटाना राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीनंतर मॉर्टेनसन यांनी संस्थेला १० लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करावी, असा समझोता झाला. संस्थेने त्यांचीच पुस्तके विकत घेण्यासाठी सुमारे ४० लाख डॉलर खर्च केले होते, हेही त्या चौकशीत पुढे आले.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक ‘खरे की खोटे’ याच प्रश्नावर अडली. काही वाचक पुस्तकाचे पैसे परत मागण्यासाठी न्यायालयात गेले. २०१२ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला आणि २०१३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. खरेखोटेपणाचा प्रश्न गौण आहे, असे आम्हाला अजिबात म्हणायचे नाही. परंतु पुस्तकातील प्रत्येक तारीख अचूक असती, तरी एक प्रश्न उरलाच असता. तो या कथेच्या व्याकरणाचा आहे. तिच्यातील वाक्यांचा कर्ता कोण, आणि कर्म कोण?

याचे उत्तर मुखपृष्ठावरच आहे. पहिल्या आवृत्तीच्या उपशीर्षकात दहशतवादाशी लढण्याची भाषा होती, नंतरच्या आवृत्तीत तिच्या जागी शांततेची भाषा आली. बाजाराचा अंदाज घेऊन उद्दिष्ट बदलले, पण ‘एका माणसाची मोहीम’ हे शब्द दोन्हीकडे तसेच राहिले. निवेदनाची तऱ्हाही पाहण्याजोगी आहे. मॉर्टेनसन हे पुस्तकाचे लेखकही आहेत आणि तृतीयपुरुषी निवेदनाचे नायकही. आत्मचरित्रात जी स्तुती संकोचाने करावी लागली असती, ती येथे चरित्राच्या आवाजात मोकळेपणी करता येते. कोर्फेचे गावकरी शहाणे आहेत, प्रेमळ आहेत, पण त्यांचे शहाणपण नायकाच्या घडणीसाठी खर्ची पडते.

गंमत अशी की याच पुस्तकात याला छेद देणारा एक प्रसंग आहे. नायक शाळेचे सामान घेऊन येतो, तेव्हा गावकरी त्याला सांगतात की आधी ब्राल्डू नदीवर पूल हवा. पुलाशिवाय सामान पलीकडे जाणार कसे? म्हणजे आधी काय आणि नंतर काय, हे गावाला ठाऊक होते. वाचकाच्या ध्यानात मात्र पूल राहत नाही, वचन राहते. कारण पुलाची मागणी गावाची आहे आणि वचन नायकाचे.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही, कारण कथेचे रूप पैशाची वाट ठरवते. इमारतीला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. कोनशिला असते, उद्‌घाटन असते, छायाचित्र असते. शिक्षकाच्या अकराव्या वर्षाच्या पगाराला कसलाच कथाभाग नसतो. गळके छप्पर, शिक्षकाची रजा, पावसाळ्यात तुटणारी वाट, चौथीनंतर शाळा सोडणारी मुलगी, यांत नाट्य नाही. तेव्हा देणगी इमारतीकडे वाहते. शाळा मात्र बांधून होत नाही, ती रोज चालवावी लागते. भिंती उभ्या असून आत वर्ग नाही, ही अवस्था हिशेबातल्या ढिलाईमुळे येते हे खरेच. पण ‘शाळा बांधली’ या क्रियापदापाशी पूर्णविराम देणाऱ्या कथेचाही त्यात वाटा असतो, असे आम्हाला वाटते.

आता आपल्याकडे वळावे, कारण ही खोड एकट्या अमेरिकेची नाही. ‘ध्येयवेडा’ आणि ‘झपाटलेला’ ही मराठीतील दोन लाडकी विशेषणे. दिवाळी अंकांतून दरवर्षी असे लेख येतात: शहरातील सुखाची नोकरी सोडून कोणी दुर्गम पाड्यावर जातो आणि तेथे परिवर्तन घडते. पाडा हा त्या लेखात पार्श्वभूमी असतो. तथापि, मराठीत याहून निराळे लिहिले गेले आहे आणि ते आपल्या ग्रंथालयांतच आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आदिवासी आणि दलित मुलांसाठी काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. या कामाची सुरुवात ‘मूल शाळेत का येत नाही?’ या प्रश्नापासून झाली. मूल येत नसेल तर बालवाडीच वस्तीच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून येत नाही, तेव्हा शाळेला पाळणाघर जोडावे. मुलगा गुरे राखतो म्हणून येत नाही, तर शाळाच कुरणात जावी, म्हणून कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचणाऱ्यास जाणवेल की या पद्धतीत खरे निर्णय मुलांच्या जगण्याने घेतले आहेत आणि बाईंनी ते ऐकले आहेत.

त्याच परिसरातले दुसरे पुस्तक गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारली आदिवासींच्या वेठबिगारी आणि लग्नगडी या प्रथांविरुद्धच्या लढ्याची ती हकीकत. येथे सेवाभावी संस्था नाही, राजकीय चळवळ आहे; हा फरक पुसून चालणार नाही. निवेदकही बाहेरून आलेली, शहरी, सुशिक्षित स्त्रीच आहे. पण शीर्षकाचा कर्ता पाहा. जागा होतो तो माणूस. कोणी त्याला जागे केले, असे ते शीर्षक म्हणत नाही. एका क्रियापदाचा हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. छोट्या संस्थेला नायकाची कथा सोडणे परवडेल काय? कुरणशाळेच्या तपशिलावर सातासमुद्रापलीकडचा वाचक धनादेश लिहील काय? मॉर्टेनसन यांच्या कथेमुळेच अनेकांना बाल्टिस्तान हे नाव कळले आणि त्यांच्या काही शाळांत मुली खरोखर शिकल्या, हेही नाकारता येत नाही. कथा टाकून कोरडे ताळेबंद वाचायला द्यावेत, असा आमचा आग्रह नाही. पण वाचकाला रुचते तेच लिहायचे असेल, तर वाचकाची रुची हाच दुष्काळाचा एक भाग होतो. संस्था आपली कथा त्या रुचीला बेतून घेते आणि कालांतराने आपले कामही त्या कथेला बेतून घेऊ लागते. देणाऱ्याची वाचनक्षमता वाढली, तर संस्थेला खरे सांगण्याची सोय होईल. आणि वाचनक्षमता वाढवणे हे तर आपले, म्हणजे भाषा-साहित्य शिकवणाऱ्यांचे, नेमून दिलेले काम आहे.

म्हणून आमची सूचना अगदी व्यवहारातली आहे. निवेदनशास्त्राच्या तासाला कथा-कादंबरीबरोबर एखादे देणगीचे आवाहन, एखादा वार्षिक अहवाल, एखादा ‘ध्येयवेड्या’वरचा लेख ठेवावा. विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावेत. वाक्यांचा कर्ता कोण आहे? गावातील कोणाला नाव आणि मत आहे, आणि कोण नुसताच कृतज्ञ आहे? उद्‌घाटनानंतरचा काळ किती पाने व्यापतो? जे फसले, ते कोठे सांगितले आहे? या चार प्रश्नांपुढे टिकणारा मजकूर बहुधा कमी थरारक असेल. तो वाचून ज्याला देणगी द्यावीशी वाटेल, तो पुढच्या वर्षीही शिक्षकाच्या पगाराचे विचारील, असा आमचा भरवसा आहे.